पांगनिर्तुंगचा परवाना

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात संशोधन करायला परवाना लागतो, हे मला कॅनडात पीएचडीला येऊन सहा महिने होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आपल्याकडे एखाद्या गावात प्रश्नावली घेऊन जायचं तर फार तर सरपंचांच्या कानावर घालतात. इथे त्यासाठी सायंटिस्ट्स ॲक्ट नावाचा कायदाच आहे. नुसत्या लोकांशी गप्पा मारून वहीत उतरवून घ्यायच्या असल्या, तरी नुनावुतच्या राजधानीतल्या, म्हणजे इकालुइतच्या, नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटकडे अर्ज करायचा. तिथून तो गावात जातो, गावचे लोक वाचतात, मत देतात आणि मग परवाना. तोही एका वर्षापुरता.

माझा विषय होता पांगनिर्तुंगची हिवाळी मासेमारी. बॅफिन बेटावरचं, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित खाली असलेलं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. नुनावुत महाराष्ट्राच्या सहा पटींहून मोठा, पण 2021 च्या जनगणनेत माणसं सुमारे 37 हजार. आमच्या एकट्या दापोली तालुक्यात याहून किती तरी जास्त आहेत. गावं 25 आणि एकही गाव दुसऱ्याला रस्त्याने जोडलेलं नाही. जड सामान बर्फ वितळल्यावर जहाजाने येतं, बाकी सगळं विमानाने.

मी हर्णैची. बंदरावरचा लिलाव ऐकत मोठी झाले, त्यामुळे मासळी सोडून दुसरा विषय सुचणं अवघडच होतं. पांगनिर्तुंगचे लोक हिवाळ्यात कंबरलँड साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर स्नोमोबाइलने जातात, बर्फाला भोक पाडतात आणि शेकडो मीटर खोल गळांची लांबलचक दोरी सोडतात. ती सरळ खाली न जाता आडवी पसरावी म्हणून टोकाला पत्र्याचा ‘पतंग’ बांधलेला असतो, पाण्याचा प्रवाह त्याला ओढत नेतो. 1980 च्या दशकात ही रीत ग्रीनलंडकडून आली. गळाला लागतो टर्बट नावाचा मासा, तो गावातल्या कारखान्यात साफ होऊन बाहेर विकला जातो. 2007-08 च्या आरोग्य पाहणीत नुनावुतच्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, जवळपास 70 टक्के घरांत पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. मग ज्या गावातून मासळी बाहेर जाते, तिथे घरात किती उरते, कोण कुणाला वाटतं आणि बर्फ उशिरा धरायला लागल्यावर या वाटपाचं काय होतं, एवढं मला विचारायचं होतं.

पहिला घोळ कोंबडी आणि अंड्याचा. विद्यापीठाची एथिक्स कमिटी म्हणाली, आधी गावाचं पाठिंब्याचं पत्र आणा. गावाकडून पत्र मागावं, तर तिथे साहजिकच विचारणार, तुमच्या कमिटीने मंजुरी दिली का? त्यात मी ईमेल पाठवले मे महिन्यात. उत्तर नाही, फोन नाही. मी मनातल्या मनात बरीच चिडचिड केली. मग विभागातल्या एका जुन्या संशोधकाने विचारलं, “मेमध्ये? अगं, वसंतात सगळं गाव शिकारी-मासेमारीच्या कॅम्पवर असतं.” हर्णैत कुणी ऐन हंगामात येऊन पत्र मागितलं असतं, तर आत्याने त्याला काय ऐकवलं असतं, ते आठवून मी गप्प बसले.

दुसरा घोळही माझाच. अर्जात उत्साहाने एक ओळ टाकली होती: ‘तीन ठिकाणी बर्फाची जाडी मोजणार.’ नुसत्या मुलाखती म्हणजे समाजशास्त्र. बर्फाला भोक पाडलं की निसर्गात हात घातला. लगेच प्रश्नांचं आणखी एक भेंडोळं आलं. गावच्या शिकारी-मच्छीमार संघटनेतल्या गृहस्थांशी शेवटी फोन लागला, तर ते शांतपणे म्हणाले, “आम्ही रोज भोकं पाडतो. जाडी आम्हाला विचार.” ती ओळ मी त्याच संध्याकाळी खोडली.

खरी परीक्षा मात्र सारांशाची. अर्जासोबत साध्या भाषेतला सारांश द्यावा लागतो, तिथल्या इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेतसुद्धा. मी सहाशे शब्द लिहिले आणि अनुवादिकेकडे पाठवले. तीन दिवसांनी तिचा फोन.

“हे ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणजे तुला काय म्हणायचंय?”

मी समजावलं.

“म्हणजे आम्ही दुबळे आहोत, असं?”

“नाही नाही, तसं नाही…”

“मग ‘रेझिलियन्स’?”

मी पुन्हा समजावलं.

“म्हणजे कितीही त्रास दिला तरी आम्ही चालवून घेतो?”

मला उत्तर सुचेना. थोडा वेळ गेल्यावर तिने विचारलं, “तुझ्या भाषेत हे तुझ्या आईला कसं सांगशील?” मी त्या रात्री खरंच आईला फोन लावला. ‘अनुकूलन’, ‘लवचीकता’, ‘असुरक्षितता’ असे पाठ्यपुस्तकातले शब्द तोंडाशी आले आणि आई म्हणाली, “नीट बोल गो, तुला करायचंय काय?” म्हटलं, मासळी कोण पकडतं, विकतं किती, वाटतं किती, आणि बर्फ उशिरा धरला तर काय करतात, हे विचारायला जातेय. “मग एवढंच लिही ना,” आई म्हणाली. लिहिलं. दीडशे शब्द झाले. इनुक्तितुतच्या त्रिकोणी-गोलसर अक्षरांत तो सारांश छापून आला तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं, पण पहिल्यांदाच स्वतःचा विषय स्वतःला कळल्यासारखा वाटला. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात अर्थात ते मोठे शब्द परत घालावे लागलेच. त्याशिवाय आमच्या लोकांना चैन पडत नाही.

परवाना जानेवारीत आला. गावाचं म्हणणं थोडक्यात असं: दुभाष्या गावातलाच घ्यायचा आणि त्याला रीतसर पैसे द्यायचे. मुलाखतीची प्रत ज्याची त्याला. आणि जे सापडेल ते छापण्याआधी गावात येऊन सांगायचं. 2018 मध्ये इनुइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाचं धोरण जाहीर केलं, त्यात माहितीची मालकी कुणाची हा मोठा मुद्दा आहे. मी ते धोरण वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. पण त्याच गोष्टी गावाने आपल्या शब्दांत सांगितल्यावर जरा वेगळ्याच वाटल्या.

मार्चमध्ये विमान दोन दिवस हवामानात अडकून शेवटी उतरलं, ते थेट गावाच्या मधोमध. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना घरं.

पहिली मुलाखत एका आजींच्या स्वयंपाकघरात. जमिनीवर पुठ्ठा अंथरलेला, त्यावर लाकडासारखा टणक गोठलेला आर्क्टिक चार मासा. आजी उलूने, म्हणजे अर्धचंद्रासारख्या सुरीने, त्याचे पातळ काप काढत होत्या आणि नातवंडं ते सोया सॉसमध्ये बुडवून कच्चेच खात होती. मलाही एक काप मिळाला. जिभेवर आधी नुसता गारवा, मग लोणी वितळावं तसं काहीतरी. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. रात्री रेकॉर्डिंग ऐकलं तर धक्काच. महत्त्वाच्या प्रत्येक प्रश्नानंतर नुसती शांतता. मागे फ्रिजची घरघर.

सकाळी दुभाष्याला विचारलं तर तो पोट धरून हसला. “त्यांनी भुवया उडवल्या ना! म्हणजे हो.” नाक आक्रसलं की नाही. पाच-सहा ‘हो’ माझ्या मशीनला दिसलेच नव्हते. पुढच्या मुलाखतींत वहीच्या समासात ‘भु’ आणि ‘ना’ लिहीत गेले. कमिटीला दिलेल्या कार्यपद्धतीत हे कुठेच नव्हतं.

पुढच्या शरद ऋतूत जे काही सापडलं ते सांगायला परत गेले. सभेला नऊ जण आले, त्यातले तिघे चहासाठी. दुभाष्या म्हणाला, रेडिओवर जा. तिथे गावचा स्थानिक रेडिओ सगळेच ऐकतात, आणि लोक फोन करून थेट बोलतात. मी वाटपाचं सांगितलं. विकायची मासळी आणि वाटायची मासळी लोक वेगळी कशी मोजतात, आणि टर्बटच्या पैशातून आलेलं पेट्रोलच पुढे सीलच्या शिकारीला आणि आर्क्टिक चार पकडायला कसं लागतं, तेही. फोन आले. एकाने माझा आकडा दुरुस्त केला, एकीने हरवलेल्या कुत्र्याची चौकशी केली.

मग आवाज ओळखीचा. त्याच आजी. दुभाष्याने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “त्या म्हणतायत, तुझे प्रश्न झाले. आता त्यांचा एक. तुमच्याकडे एवढा पाऊस, मग तुझी आई मासे वाळवते कशी?”

बोंबलाबद्दल मी पंधरा मिनिटं बोलले.