पहिलं गाणं, १७वा क्रमांक
आज कानात दिवसभर एकच गाणं: ‘हॅड अ ड्रीम (फॉर द हार्ट)’. आई-लेकीच्या जोडीचं, म्हणजे द जड्स या अमेरिकन कंट्री गायिकांचं हे पहिलं सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं), १९८३ सालचं. लिहिलेलं डेनिस लिंड यांनी आणि एल्विस प्रेस्ली यांनी १९७६ मध्येच गाऊन झालेलं! पदार्पणाला दुसऱ्याचं गाणं घेणं तसं धाडसाचंच. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ते १७व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढचंच ‘मामा ही’ज क्रेझी’ थेट पहिलं आलं.

ऐकताना हेडफोन लावा. मुख्य आवाज लेकीचा, वायनोनाचा (तेव्हा जेमतेम १९ वर्षांची), आई नाओमीबाईंचा जोडस्वर (हार्मनी), म्हणजे त्याच वेळी वेगळ्या सुरात गायलेली साथ. निर्माते ब्रेंट माहेर यांनी वाद्यांची गर्दी केलेली नाही, त्यामुळे दोन आवाजांमधलं अंतर स्पष्ट कळतं.

घरी असा जोडस्वर करून बघायचा असेल तर एक चूक हमखास होते. पहिला गाणारा ‘सा’वर असताना दुसरा ‘ग’वर, म्हणजे चार अर्धस्वर वर (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). ठीक. पण पहिला ‘रे’वर गेला की तेच चार अर्धस्वर राखले तर तीव्र म लागतो आणि कानाला खुपतो. तिथे शुद्ध मध्यमच हवा, तीनच अर्धस्वर. अंतर फूटपट्टीने मोजायचं नसतं, सप्तकातून निवडायचं.

दुसरं, शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘ट’ एकानेच स्पष्ट म्हणावेत. दोघांचे मागेपुढे पडले की फटाक्यांच्या माळेसारखे वाजतात. आणि जोडस्वर नेहमी किंचित हळू आवाजात, नाहीतर मूळ चाल कुठली तेच कळत नाही.