पालखीखालचा खांदा

देवाने कौल दिला आणि यंदा आमच्या गावच्या देवाची स्वारी कुणकेश्वराला, देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या महादेवाला, निघाली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पहाटे गावचे बारा-पाच, म्हणजे देवळात परंपरेने मान असलेले, मानकरी देवळात जमले. तरंगांना, म्हणजे देवांच्या उंच काठ्यांना, वस्त्रं नेसवून झाली होती. गावकर आबांनी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं, घातलं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, ढोल वाजला आणि मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीतून शंभरेक माणसं अनवाणी आचऱ्याच्या वाटेला लागली. पुढे तरंग, अब्दागिरी, मागे पालखी.

आचऱ्यापर्यंत ऊन नव्हतं. खाडी ओलांडून मुणग्याच्या भगवतीला हात जोडले आणि पुढे सड्यावर चढलो तशी सावली संपली. जांभ्याचा कातळ अकरालाच तापतो. दोन्ही बाजूंना हापूसची कलमं, काहींवर अजून मोहोर, काहींवर बोराएवढ्या कैऱ्या. तिथे मला पालखीला खांदा मिळाला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा.

नोकरीची सगळी वर्षं मुंबईत गेली. गावी आलो की पालखीपुढे नारळ ठेवायचो, नमस्कार करायचो आणि बाजूला व्हायचो. दांडा खांद्यावर आल्यावर जे कळलं ते तोवर माहीतच नव्हतं. चौघांचे पाय एका तालात पडले तर ओझं जाणवत नाही. एकाने घाई केली की ते बाकी तिघांच्या मानेत उतरतं. मी घाई करत होतो, पाय भाजत होते म्हणून. पुढचा पोरगा वळून म्हणाला, “काकानू, पायांकडे बघू नका. ढोल आयका.”

त्या क्षणी मला नहुष आठवला.

महाभारताच्या उद्योगपर्वात ती कथा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्र पापाच्या भयाने पाण्यात, कमळाच्या देठात लपून बसला. स्वर्गाला राजा उरला नाही. देव आणि ऋषी पृथ्वीवरच्या नहुषाकडे आले, कारण तो धर्माने वागणारा राजा होता. तो आधी ‘मी दुबळा आहे’ म्हणून नाही म्हणाला. तेव्हा ऋषींनी आपलं तप त्याला दिलं आणि वरही दिला, की जो तुझ्या दृष्टीस पडेल त्याचं तेज तुला मिळेल. मला वाटतं, त्याचा घात या वराने केला. समोर येईल तो निस्तेज होणार असेल, तर ‘हे चुकतंय’ असं सांगायला कोण उरणार? पुढे त्याने इंद्राच्या पत्नीची, शचीची मागणी केली. इंद्राच्याच सांगण्यावरून तिने अट घातली, ऋषींनी वाहिलेल्या वाहनातून ये. नहुषाला त्यात आपला गौरवच दिसला. ज्यांच्या तपावर तो राजा झाला होता, त्यांच्याच खांद्यावर बसून तो निघाला, वाटेत त्यांच्याशी वाद घातला आणि अगस्तींच्या मस्तकाला पाय लावला. आपल्याकडे सांगतात की तो त्यांना ‘सर्प, सर्प’ म्हणजे ‘चला, चला’ म्हणत होता. अगस्तींनी शाप दिला आणि तो सर्प होऊन खाली पडला.

रात्री मिठबावला मुक्काम होता. पेज पोटात गेली, पाय चेपून झाले, पण झोप आली नाही. लहानपणी वडील गीतेचा सोळावा अध्याय म्हणायचे. ‘इदमद्य मया लब्धमिमं प्राप्स्ये मनोरथम्’, आज हे मिळवलं, आता तो मनोरथही पुरा करीन. आणि पुढच्याच श्लोकात, ‘ईश्वरोऽहमहं भोगी’. मिळवीन-मिळवीन म्हणणारा माणूस एका श्लोकाच्या अंतरावर ‘मीच ईश्वर’ म्हणू लागतो. पाठ असून मी हे कधी स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी मुंबईच्या एका कचेरीत विभागप्रमुख होतो. बढती तोंडावर होती आणि वरिष्ठांपुढे हिशेब वेळेआधी ठेवायचे होते. हाताखाली रत्नागिरीकडचा एक कारकून होता. त्याने शिमग्याची चार दिवस रजा मागितली. त्या वर्षी त्याचे वडील वारले होते, घरात तो एकटाच कर्ता, आणि गावदेवाची पालखी दारात येईल तेव्हा दार उघडायला कोणी हवं. मी कोकणातला. शिमग्यात दार बंद पाहून पालखी पुढे जाते म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. मी अर्ज नामंजूर केला. तो एक शब्द बोलला नाही. माझ्यासमोर कोणी बोलतच नसे आणि मला तो माझा दरारा वाटायचा. बढती मिळाली.

दुसऱ्या दिवशी कातवणवरून कुणकेश्वर गाठलं. देवळाच्या पायथ्याशी समुद्र, किनारभर माणसं, खाजा आणि कलिंगडांची दुकानं. हा सगळा किनारा परशुरामाने समुद्राकडून मिळवला असं आपण मानतो. त्याचं मूळही सत्तेच्या उन्मादातच आहे. कार्तवीर्य राजा जमदग्नींच्या आश्रमात पाहुणा आला, जेवला आणि जाताना त्यांची गाय ओढून नेली. पुढचा संहार तिथून सुरू झाला. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करून परशुरामाने ती कश्यपांना देऊन टाकली, आणि मग त्याला स्वतःला राहायला जागा उरली नाही.

अमावास्येला देवांचं समुद्रस्नान झालं. तरंग पाण्यातून वर आले, ओली वस्त्रं वाऱ्यावर फडफडत होती. गाऱ्हाण्याआधी लोक आबांच्या कानात आपापलं मागणं सांगतात. कुणाला नोकरी, कुणाचं दुखणं. मी माझं सांगितलं. आबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग खड्या आवाजात म्हणाले, “बा देवा कुणकेश्वरा, ह्या लेकराच्या हातसून अधिकाराच्या भरात एका माणसाक दुखावला गेला, त्येची चूक पदरात घे रे म्हाराजा!”

शंभर माणसं म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

परतताना आबा माझ्या बाजूने चालत होते. “देवाक सांगलंस, बरा केलंस. पण ज्येची रजा होती, त्येका सांगलंस काय?”

“नाही, आबा.”

ते पुढे काही बोलले नाहीत. होळीला पंधरा दिवस आहेत. त्याने रजेच्या अर्जात गावाचं आणि वाडीचं नाव लिहिलं होतं. मला ते अजून पाठ आहे.