पैसे कापले गेले, ऑर्डर कुठंय?

ऑनलाइन दुकान चालवणारे ओळखीतले लोक मला नेहमी विचारतात, "पेमेंट फेल झालं की ग्राहकाला लगेच नवी लिंक आपोआप जाईल असं करून देशील का?" तुमच्या आंब्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. करून देता येतं, फार अवघड नाही. फक्त ते 'लगेच' मला मान्य नाही.

यूपीआयवर पैसे भरताना एखाद्या ग्राहक महिलेनं पिन टाकला, बँकेनं रक्कम वळती केली आणि नेमकी पोचपावती मध्येच अडकली, असं होतं. तिच्या फोनवर पैसे गेल्याचा एसएमएस आणि तुमच्या साइटवर 'पेमेंट फेल'. आंब्याच्या दोन पेट्यांचे पैसे गेल्यात जमा म्हणून ती आधीच धास्तावलेली असते. अशा वेळी "आपले पेमेंट झालेले नाही, कृपया पुन्हा भरा" हा मेसेज गेला, तर ती एक तर दोनदा पैसे भरते किंवा पुन्हा तुमच्या दुकानाकडे फिरकत नाही.

म्हणून मी आधी खातरजमा बसवते. गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, वेबहुकनं (आपोआप येणाऱ्या संदेशानं) आपल्या सर्व्हरला कळवतो, पण ती खबर कधी उशिरा येते, कधी दोनदा येते, कधी उलट्या क्रमानं. त्यामुळे एका व्यवहाराची तीच खबर एकदाच धरायची, आणि पैसे जमा झाल्याची नोंद झाल्यावर मागून आलेलं 'फेल' दुर्लक्षित करायचं. खबर आलीच नाही, तर ठरावीक अंतरानं गेटवेला आपणच विचारायचं. तोवर ग्राहकाला एवढंच जातं:

"तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर कृपया पुन्हा भरू नका. बँकेकडून खात्री करून घेत आहोत. तुमच्या पेट्या राखून ठेवल्या आहेत."

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार पैसे कापले जाऊन दुकानदाराला पोचपावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई. ही मुदत ग्राहकाला यानंतर जाणाऱ्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहावी.

खरंच फेल झालं असेल, तर कारण सांगणारा यूपीआयचा कोड पाहायचा. 'झेडएम' म्हणजे पिन चुकला. इथं मात्र लिंक ताबडतोब द्यावी. 'झेड 9' म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी एकच आठवण पाठवते, आणि त्यात शिल्लकीचा उल्लेख चुकूनही येऊ देत नाही. फोन घरातल्या चार जणांच्या हातात असतो. कुणाच्या खात्यात किती आहे हे आपल्या मेसेजमुळे घरभर होऊ नये, याबद्दल मी फार काटेकोर आहे. बँकेचीच यंत्रणा बंद असेल तर थोडं थांबून कार्डाचा पर्याय द्यावा.

दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील तर नियम वेगळे: निदान 24 तास आधी पूर्वसूचना, आणि साधारणपणे 15,000 रुपयांच्या वरच्या रकमेला ग्राहकाची पुन्हा मंजुरी.

एक प्रसंग मी पूर्णपणे यंत्रावर सोडत नाही. पेट्या संपल्या आणि मग उशिरानं पैसे जमा झाल्याची खबर आली, तर परतावा आपोआप सुरू होतो, पण दुकानदाराच्या फोनवर सूचनाही येते. ग्राहकाला फोन त्यानंच करायचा, आणि पुढच्या तोडणीतल्या पेट्या हव्यात का तेही त्यानंच विचारायचं.