मनातला किंतु

काल पालोमानी खिंडीच्या चढावर मी घोड्यावर बसले. हे एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आज पाच्चांताला पोचलो. पेरूतल्या औसंगाते पर्वताभोवतीच्या ट्रेकचा शेवटचा मुक्काम. गरम पाण्याच्या कुंडात पाऊण तास डुंबून आले, पाच दिवसांची थंडी अंगातून निघाली, गुडघे माणसात आले. कुंडात गळ्यापर्यंत बसलं की समोर अख्खा औसंगाते, मावळतीच्या उन्हात बर्फ गुलाबी झालेला. बाकीचे फोटो काढून दमले. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले होते.

खरं तर आज जांपाची खिंड मी चालत चढले. ५,०५० मीटर, माझ्या पायांनी, एकदाही न बसता. म्हणजे बसले, पण दगडावर. आनंद व्हायला हवा ना? होतच नाही. मन घरंगळत घरंगळत कालच्या त्या वळणाशी जाऊन थांबतं.

काल सकाळी औसंगातेकोचाच्या तळ्याकाठी तंबू उघडला तर आतून-बाहेरून बर्फाची साय. वाटाड्याने रोजच्यासारखं बोट धरून ऑक्सिमीटर लावला. ७९. 'छान' म्हणाला. पुण्यात हा आकडा दिसला असता तर धाकट्याने ॲम्ब्युलन्स बोलावली असती. कोकाच्या पानांचा चहा घेतला, दोन घास पोटात ढकलले आणि निघालो. तळापासून खिंडीपर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण. सिंहगडाएवढीच म्हणा, कदाचित थोडी कमीच. दर रविवारी ती चढून वर पिठलं-भाकरी खाऊन खाली येणारी बाई मी. पण पालोमानी आहे ५,२०० मीटरच्या आसपास, आणि तिथे हवा जवळजवळ निम्मी. दहा पावलं टाकायची, काठीवर रेलायचं, वीस श्वास. परत दहा पावलं. मग आठ. मग मोजणं सोडलं.

आमच्या मागून रोज एक घोडा येतो. सामानाचे वेगळे, हा वेगळा. त्याच्यावर फक्त खोगीर. कुणाचं काही झालं तर असावा म्हणून. त्या रिकाम्या खोगिरावर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती, हेही लिहून टाकते. उपिसच्या मुक्कामाला होती, आरापाच्या खिंडीत होती, रात्री तंबूच्या बाहेर त्याच्या नाकाचा फुर्रर्र आवाज आला की 'आहे' असं वाटून झोप लागायची.

तर त्या वळणावर मी पाचव्यांदा का सहाव्यांदा थांबले. वाटाड्या वरून खाली आला. म्हणाला, "सेन्योरा, तुम्हाला हवं असेल तर..."

मी म्हटलं, "सी." म्हणजे हो.

त्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. घोडा हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. तो पाणी विचारत असेल. सॅक मी घेतो म्हणत असेल. पाच मिनिटं बसू या म्हणत असेल. आता कसं कळणार? मी 'सी' म्हटलं आणि वळून थेट घोड्याकडे चालायला लागले, आणि त्या चार पावलांना मला दम लागला नाही. हे मला जास्त छळतंय. दम संपला होता ना? मग ती चार पावलं कुठून आली?

बसले म्हणून काही बिघडलं नाही. आमच्यातले ते सत्तरीचे काका आरापाला बसले होते, मीच त्यांना टाळ्या वाजवल्या होत्या. मनापासून. बोचतंय ते त्या होकाराचं. सकाळपासून जिभेच्या टोकावर ठेवला होता, कुणी काही विचारण्याची तेवढी वाट बघत होते. विचारलंही नाही धड कुणी.

आता स्वतःची कीव करून घेते जरा, रोजनिशी असते कशाला. गेलं वर्ष कसं गेलं ते मलाच माहीत. सगळ्यांना मी खमकी लागते. वन्सं तर चारचौघांत सांगतात, 'आमची काय, एव्हरेस्टही चढेल.' एअरपोर्टवर सोडायला आले तेव्हा एकानेही विचारलं नाही की तुला जमेल ना, भीती नाही ना वाटत. स्वेटर किती घेतलेस ते विचारलं. कुणी विचारलंच नाही तर माणूस नाही कसं म्हणणार, आणि हो तरी कसं म्हणणार? मग ते साठलेलं सगळं 'हो' पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला एका परक्या माणसापुढे सांडतं. असं काहीतरी. लिहिताना पटलं, वाचताना पटत नाहीये.

आणि रोपवे. तो आठवायचाच होता.

घोड्यावर बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आठवला. रायगडचा रोपवे. आईला समाधी बघायची होती, गुडघे गेले होते, रोपवेने नेशील का म्हणाली. मी म्हटलं होतं, रोपवेने गड कळत नाही गं, त्यापेक्षा टीव्हीवर बघ. हसत म्हटलं होतं. तीही हसली होती. मग ते राहूनच गेलं. असो.

घोड्यावरून काय दिसतं? मला वाटलं होतं, वरून सगळं दिसेल. दिसल्या त्या घोडेवाल्याच्या टाचा. दोर धरून पुढे चालत होता. इथे ही माणसं टायर कापून केलेल्या चपला घालतात, ओहोता म्हणतात त्याला, आणि ५,००० मीटरवर सकाळच्या थंडीत त्यात मोजेही नसतात. टाचांना भेगा. खोल, काळ्या, राख भरल्यासारख्या. अर्धा तास मी एवढंच बघत होते. आईच्या टाचा अशाच होत्या, थंडीत ती मेण तापवून भरायची. त्याच्या गालात कोकाचा बोकणा, श्वास जराही चढलेला नाही. चढला होता घोड्याला. दर वीस-पंचवीस पावलांना तो थांबायचा, त्याच्या फासळ्या माझ्या पोटऱ्यांना आतून लागायच्या, बाहेर, आत, बाहेर, आत. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग घोडेवाला म्हणायचा, "हाकु." केचुआत, म्हणजे इथल्या डोंगरी लोकांच्या भाषेत, हाकु म्हणजे चला. मला ऐकू यायचं हाकू, तेही चुकीचं नव्हतं.

खिंडीत आपाचेता आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेल्या दगडांच्या उतरंडी. खालून एक दगड घेऊन जायचा आणि वर ठेवायचा, शीण त्याच्याबरोबर तिथेच राहतो, असं वाटाड्याने सांगितलं होतं. सकाळी तळ्याकाठून मी एक उचलला होता, तांबूस, सुपारीपेक्षा थोडा मोठा. जॅकेटच्या खिशात. वर पोचल्यावर हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. हा दगड काही मी आणला नाही. घोड्याने आणला, माझ्यासकट. शीण कुणाचा ठेवायचा?

नाही ठेवला. आज जांपावर ठेवता आला असता, तिथेही ठेवला नाही. आत्ता या वहीची पानं मिटू नयेत म्हणून त्यावर ठेवलाय.

मग वाटाड्याने प्रत्येकाच्या हातात कोकाची तीन तीन पानं दिली. अख्खी, न फाटलेली निवडून. देठाशी धरायची, पंख्यासारखी पसरायची, तोंडापाशी नेऊन हलकी फुंकर घालायची आणि डोंगराचं नाव घ्यायचं. आपू औसंगाते. आपू म्हणजे डोंगरातला देव, डोंगरच देव. इथल्या अल्पाकांचे कळप त्याच्याकडूनच आले असं मानतात. आपल्याला बेलाचं त्रिदळ माहीत असल्याने हात आपसूक जुळले. मी विचारलं, याला काय म्हणतात?

"किंतु," तो म्हणाला.

मी म्हटलं, काय?

"किंतु." 'क' घशात जरा अडकवून म्हणतात, पण शब्द तोच. माझ्या मनात किंतु, माझ्या हातात किंतु. मी हसायला लागले. एवढ्या उंचीवर हसलं की खोकला येतो, खोकला आला की डोळ्यात पाणी येतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. त्याला समजावून सांगायला गेले की आमच्या भाषेत याचा अर्थ 'पण' होतो, मनातली शंका. त्याने मान डोलावली आणि माझा ऑक्सिजन पुन्हा तपासला.

उतार मी चालत उतरले. कुणी विचारायच्या आत. तोही तसाच, घाईघाईने.

आज वाटेत वाटाड्याने पूर्वेकडे काठी करून कोय्युर रितीची दरी दाखवली. तिथली जत्रा महिन्या-दीड महिन्यापूर्वी झाली. हजारो लोक चालत जातात, आपल्या वारीची आठवण यावी असं. अस्वलाची सोंगं घेतलेले उकुकु रात्री हिमनदीवर चढतात. पूर्वी पहाटे बर्फाच्या लाद्या पाठीला बांधून उतरायचे, तो बर्फ औषधी मानतात. आता हिमनदी मागे सरकत चालली म्हणून बर्फ तोडायचं त्यांनी बंद केलं.

"मग रिकामेच उतरतात?"

"हो."

"आणि जत्रा?"

"जत्रा होते की," तो म्हणाला, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं बघत.

संध्याकाळी जेवणात उकडलेले बटाटे. पाच रंगांचे, जांभळे आतून कमळासारखे. पापा म्हणतात इथे बटाट्याला, त्यामुळे 'अजून पापा हवा का' ऐकून रोज हसू येतं. एकादशी अनायासे साधली. तसं बघायला गेलं तर आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा इथला, शेंगदाणे नि साबुदाण्याचा कसावाही याच खंडातले, मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. वन्संना सांगितलं तर म्हणतील, मग उपास कसला, परदेशी जेवण झालं की. सांगणार आहे.

जेवणानंतर पिशवीतल्या राजगिऱ्याच्या वड्या घेऊन घोडेवाल्याकडे गेले. टीप देऊन झाली होती, ती सगळ्यांची मिळून. ही माझी. त्याला स्पॅनिश बेताचं, मला केचुआ शून्य. कागद सोडवून वडी हातावर ठेवली. टॉर्चच्या उजेडात त्याने ती डोळ्यांजवळ नेली, बोटाने एक दाणा सुटा केला, दातांखाली धरला. मग चेहरा असा उजळला.

"किविचा!"

मी म्हटलं, राजगिरा. तो म्हणाला, किविचा. मी, राजगिरा. असं दोन-तीनदा झालं. पुढे दोघांकडेही शब्द नव्हते. त्यांच्याकडेही लाह्या फोडून पाकात वळतात, हे त्याने हातांनी करून दाखवलं. आमच्याकडेही, मी हातांनी.

वन्संचा मेसेज आधीचाच आहे, 'खिंडी झाल्या का सगळ्या?' इथे रेंज नाही, उद्या जीप टिंकी गावाला पोचली की उत्तर जाईल. मी लिहून ठेवलंय, 'हो, सगळ्या झाल्या.' मराठी ही सोयीची भाषा आहे. खिंडी झाल्या. कुणी केल्या ते वाक्यात येतच नाही. दोनदा खोडलं, दोनदा तेच लिहिलं. आता तसंच राहू दे. घोड्याचं त्यांना घरी गेल्यावर, चहा घेताना सांगेन. रोपवेचं बघू.

तर वडी. त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी माझ्या हातात परत दिली, घोड्याकडे बोट दाखवून. घोडा बाहेर अंधारात इचूचं गवत ओढत उभा होता, पाठीवर घोंगडं. मी जवळ गेले, म्हटलं, तुला हवी असेल तर...

वाक्य तोंडातच राहिलं. वडी तळहातावरून गेली होती.