पकीप्सीला आनंदीबाईंकडे

न्यू जर्सीतली मावसबहीण म्हणाली, "न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून निघालीस की डावीकडची खिडकी पकड. पकीप्सीपर्यंत हडसन नदी सोबत येते." खरंच आली, जवळजवळ दोन तास. मी मात्र निम्मा वेळ मोबाइलवरचा फोटो मोठा करकरून बघत होते.

फोटो तुम्हीही पाहिला असेल. फिलाडेल्फिया, १० ऑक्टोबर १८८५. बायकांच्या मेडिकल कॉलेजातल्या तिघी: साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या पोशाखातल्या साबात इस्लामबूली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून तिथल्या थंडीत आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या होत्या. वय वीस. त्या वयात मी हॉस्टेलच्या गार पाण्यावरून आईला फोन करून रडत असे.

फोटोखाली हाताने नावं लिहिली आहेत. तिघींच्याही मागे 'डॉ.', आणि तेव्हा तिघीही विद्यार्थिनी! आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, उरलेल्या दोघींना त्याहून काही वर्षांनी. म्हणजे ओळ मागाहून लिहिलेली. त्यात गावाचं नाव 'सेरॅनिसोर'. हे कुठलं गाव? तर सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर. आपलं नगरचं नव्हे, कोलकात्याजवळचं. त्यांचे यजमान गोपाळराव तिथे पोस्टात होते आणि १८८३ मध्ये आनंदीबाई तिथूनच अमेरिकेला निघाल्या. माहेरचं कल्याण त्या ओळीत नाहीच.

स्टेशनवरून टॅक्सी केली. पकीप्सी रूरल सिमेटरी एवढी ऐसपैस असेल असं वाटलं नव्हतं. चुकीच्या वाटेने दोनदा फिरले, सँडलमध्ये खडे गेले. शेवटी कार्पेंटर कुटुंबाची जागा सापडली. न्यू जर्सीतल्या रोझेलमध्ये आनंदीबाईंना पोटच्या मुलीसारखं सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर याच घरातल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई क्षयाने गेल्या, तेव्हा गोपाळरावांनी रक्षा या मावशींकडे धाडली.

दगडावर 'आनंदी जोशी, एम.डी.' आणि दोन सालं. खाली, शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. 'ब्राह्मण' शब्दाशी मी जरा अडखळले. एवढी दूर येऊनही जात दगडावर चढलीच. पण मग 'एम.डी.'वरून बोट फिरवलं. अक्षरं गार होती. पदवीनंतर वर्षभरही न जगलेल्या मुलीचं हे बिरुद तरी कुणी चुकीचं लिहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत उजवीकडे बसले. बहिणीचा मेसेज होता: 'सापडल्या का?'