तुम्ही विचारलंत म्हणून: शर्यत न धावलेल्या घोड्याचं एवढं काय?

हार्नेस रेसिंगचा विषय निघाला की मी हॅम्बलटोनियनचं नाव घेतेच, आणि मग हा प्रश्न ठरलेला. जो घोडा आयुष्यात एकही रीतसर शर्यत धावला नाही त्याचं एवढं कौतुक कशाला?

आधी हे लक्षात घ्या की या खेळात जॉकी पाठीवर नसतो, मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी असते, त्यात ड्रायव्हर बसतो, आणि घोड्याने चौखूर उधळायचं नाही, उधळला तर ड्रायव्हरने त्याला आवरून परत चालीवर आणायचं. चाली दोन, ट्रॉट आणि पेस. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी, पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो. पेसमध्ये एका बाजूचे दोन्ही पाय एकदम. म्हणजे नुसता वेग असून भागत नाही, भरवेगातही चाल न सोडणं रक्तात लागतं, आणि हॅम्बलटोनियनने पुढच्या पिढ्यांना दिलं ते हेच.

जन्म 1849चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीतला. बाप अब्दल्ला, दिसायला कुरूप आणि स्वभावाने तापट, आई पायाने अधू. मालक जोनास सीलीकडे विल्यम रिसडिक नावाचा गडी कामाला होता, त्याने घोडी आणि शिंगरू दोन्ही मिळून 125 डॉलरला घेतली. सीलीसारख्या जाणत्या माणसाने जे सोडलं ते गड्याने हेरलं, मला तर या सगळ्या गोष्टीत हीच नजर सगळ्यात मोठी वाटते. बरं घोड्याची ठेवण बघा, मागचा भाग खांद्यापेक्षा तब्बल दोन इंच उंच, त्यामुळे मागच्या पायांचा रेटा जबरदस्त! 1852 साली लाँग आयलंडवर वेळ लावून पळवला तेव्हा मैल 2 मिनिटं 48.5 सेकंदांत गेला, बस्स, एवढाच त्याचा ट्रॅकवरचा हिशोब.

पण पोरं बघा ना. 1,331 शिंगरं झाली, एका घोडीमागे फी 500 डॉलरपर्यंत गेली, आणि डेक्स्टर नावाच्या मुलाने 1867 साली मैल 2:17¼ मध्ये मारून रेकॉर्ड केला. खरा वंश चालवला चार मुलांनी: जॉर्ज विल्क्स, डिक्टेटर, हॅपी मीडियम, इलेक्शनीअर. इलेक्शनीअर कॅलिफोर्नियात लीलँड स्टॅनफर्डकडे गेला, तोच स्टॅनफर्ड ज्याने धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात का हे बघायला मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले. इलेक्शनीअरच्याच वंशात पुढे मेडो स्किपर झाला आणि पेसर्सचं चित्रच बदललं. हॅपी मीडियमकडून पीटर द ग्रेट आला, त्याच्यामागे ट्रॉटर्सची रांगच. आज अमेरिकेतला जवळजवळ प्रत्येक स्टँडर्डब्रेड, म्हणजे हार्नेस रेसिंगच्या जातीचा घोडा, या चौघांपैकी कुणाच्या तरी घरातला निघतो.

आता मला विचाराल तर श्रेय अर्धं त्या अधू घोडीचं आहे, तिचा बाप बेलफाउंडर इंग्लंडहून आणलेला ट्रॉटर होता, म्हणजे चाल तिच्याकडूनही आलीच. पण वंशावळीत तिला स्वतःचं नावसुद्धा नाही, चार्ल्स केंटची घोडी एवढंच लिहिलंय.