हांगचौच्या डॉक्टरबाई आणि खोडलेला ज्येष्ठमध

चीनमधल्या हांगचौला लोक वेस्ट लेक बघायला जातात. मीही बघितला. तळं देखणं आहे, पण सुट्टीच्या दिवशी पाणी दिसायचं तर आधी पुढच्याची छत्री हलावी लागते. तळ्याबद्दल एवढंच.

धंद्यानिमित्त माझं यीवूला, तिथल्या घाऊक बाजारात, जाणं-येणं असतं. तिथून हांगचौ बुलेट ट्रेनने तासाभराच्या आत. या खेपेला माल लवकर ठरला, आणि पोट महिनाभर कुरकुरत होतं. एजंटच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "माझ्या आजीच्या डॉक्टरबाईंकडे चला." म्हणजे जुन्या चिनी पद्धतीने औषध देणाऱ्या.

मला उत्साह नव्हता. मागे दुसऱ्या एका शहरात टूरवाल्यांनी आम्हाला 'पारंपरिक औषधोपचार' दाखवायला नेलं होतं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने बसमधल्या प्रत्येकाची नाडी बघितली, प्रत्येकाची किडनी कमजोर निघाली आणि सगळ्यांना एकाच रंगाची महागडी पाकिटं. तेव्हापासून माझा या प्रकारावर राग आहे.

वाटेत जुन्या बाजारात हू छिंग यू थांग लागलं. हू श्वेयान नावाच्या व्यापाऱ्याने 1874 साली काढलेली औषधांची पेढी, आता आत संग्रहालयही आहे. काळसर लाकूड, उंच छत आणि सगळीकडे काढ्याचा वास. तिथल्या दोन पाट्या मला आवडल्या. 'भाव एकच' ही गिऱ्हाइकाला दिसेल अशी, आणि 'फसवणूक करू नका' ही आतल्या बाजूला तोंड करून, म्हणजे नोकरांच्या डोळ्यांसमोर. आपल्याकडे सगळ्या पाट्या गिऱ्हाइकालाच दम देतात.

डॉक्टरबाईंचा दवाखाना मागच्या गल्लीत. वय सत्तरीच्या पुढे, बारीक कापलेले केस, टेबलावर नाडीसाठी मनगटाखाली ठेवायची छोटी उशी. आधी नुसतं बघत राहिल्या. मग जीभ. मग प्रश्न: तहान लागते का, पाणी गार आवडतं की गरम, घाम कधी येतो, झोप कितीला मोडते, जेवता कितीला. ती मुलगी भाषांतर करत होती. शौचाच्या प्रश्नांना आम्ही दोघंही लाजलो, बाई नाही.

नाडी दोन्ही हातांची. तीन बोटं, आधी अलगद, मग दाबून. मी सांगितलं, आमचे वैद्यही तीन बोटं ठेवतात, तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. बाई खूश झाल्या. त्यांचा हिशेब वेगळा: डाव्या मनगटावर हृदय, यकृत, मूत्रपिंड, उजव्यावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. माझी प्लीहा थकली आहे म्हणाल्या तेव्हा मी दचकलो. त्यांच्या शास्त्रात पचनाचं खातं प्लीहेकडे असतं, हे मागाहून कळलं.

मग त्यांनी हाताने चिठ्ठी लिहिली. लिहून झाल्यावर विचारलं, रोजची गोळी कुठली? मी पाकिटातून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचली आणि चिठ्ठीतली एक ओळ खोडली. ज्येष्ठमध. त्याने अंगात मीठपाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, प्रेशर चढतं. चिनी काढ्यांत ज्येष्ठमध जवळपास सगळीकडे असतो, बाकीच्या औषधांना जुळवून घ्यायला; त्यामुळे तो काढल्यावर त्यांनी उरलेली मापंही बदलली. "गोळी बंद करायची नाही," हे दोनदा बजावलं. आमच्या घरी खोकला आला की लहानथोर ज्येष्ठमध चघळतात, कोणी कोणाला प्रेशर विचारत नाही.

मी धीर करून विचारलंच, हे सगळं खरंच लागू पडतं? बाईंनी आधी शेजारच्या निंगबो शहरातल्या औषधसंशोधक तू योयो यांचं नाव घेतलं. गे होंग या जुन्या चिनी वैद्याच्या सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्या असं होतं, उकळा असं नव्हतं. त्यावरून तू योयोंना उष्णतेने औषधाचा गुण जातो असा संशय आला, त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि मलेरियावर औषध मिळालं. 2015 चं नोबेल.

हे अभिमानाने सांगून झालं, आणि त्याच सुरात त्या पुढे म्हणाल्या, "आणि क्वान मूथुंग ही वनस्पती. लघवी साफ व्हायला द्यायचो. त्याने मूत्रपिंडं कायमची निकामी होतात. 2003 मध्ये बंदी आली. त्याआधी मीही लिहायचे." मुलगी भाषांतर करताना अडखळली, तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी वाक्य परत सांगितलं.

टूरमधल्या त्या पांढऱ्या कोटवाल्याकडे पंधरा भाषांत माहितीपत्रकं होती. असं एक वाक्य नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भिंतभर छोटे खण. औषधवाल्याने सात कागद पसरले, दांडीच्या नाजूक तराजूत एकेक जिन्नस एकदम तोलून सात ढिगांत वाटला. संत्र्याची वाळवलेली साल आणि सुंठ तेवढी मी ओळखली. हॉटेलात काढा उकळू देणार कोण? तर तिथेच उकळून बंद पिशव्यांत भरून देतात, गरम पाण्यात ठेवायच्या आणि प्यायच्या. ही सोय आपल्या वैद्यांनी उचलावी. चव मात्र कुठल्याही सोयीने सुधारणार नाही.

तपासणीची फी आमच्या त्या दिवशीच्या चहापाण्यापेक्षा कमी होती. पोट आठवड्यात शांत झालं. श्रेय काढ्याला द्यावं तर पंचाईत अशी की बाईंनी रात्री अकराचं जेवणही बंद करायला लावलं होतं.